साठचा चार्जर, सतराचा आकडा

२०१० साली जपानमध्ये टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनी आणि तिथल्या मोटार कंपन्यांनी मिळून फास्ट चार्जिंगसाठी एक संघटना काढली. संघटनेचं आणि तिच्या चार्जरचं नाव 'चाडेमो'. वरवर पाहता ते 'चार्ज' आणि 'मूव्ह' या इंग्रजी शब्दांचं कडबोळं आहे. पण जपानी माणसाच्या कानाला त्यात 'ओ-चा देमो इकागा देस्का' ऐकू येतं. म्हणजे, 'चहाबिहा घेणार का?' गाडी लावा, चहा घ्या, तोवर बॅटरी भरलेली असेल. तंत्रज्ञांनाही विनोदबुद्धी असते, याचा इतका गोड पुरावा मला दुसरा माहीत नाही :)

तर मंडळी, माझ्या भाच्याने गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अशाच एका फास्ट चार्जरवर चार कप चहा प्यायला.

नातेवाईकांना हे माहीत आहे, बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. भाचा परभणीला असतो. बँकेचं कर्ज काढून त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि ती भाड्याने चालवतो. परभणीहून नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात जाणारे पेशंट हेच त्याचं मुख्य गिऱ्हाईक. आमच्या आत्याचं रेडिएशन चालू होतं, तेव्हा तिलाही तोच न्यायचा. संभाजीनगर परभणीहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. एसी लावून एका दमात जाण्याची खात्री नाही, म्हणून तो वाटेत एका चार्जिंग स्टेशनवर थांबला. बोर्डावर लिहिलेलं, ६० किलोवॅट. गाडीची बॅटरी साधारण तीस युनिटची. बावन्न टक्के शिल्लक होती, नव्वदपर्यंत न्यायची होती, म्हणजे साडेअकरा युनिट. साठच्या वेगाने हिशोब केला तर बारा मिनिटं. प्रत्यक्षात स्क्रीनवर आकडा आला सतरा. तोही हळूहळू खाली उतरत गेला, आणि बारा मिनिटांच्या कामाला पन्नास मिनिटं लागली. आत्याची वेळ हुकली. मग तिला सगळ्यांच्या शेवटी घेतलं. ७१ वर्षांची बाई संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसून राहिली.

तेव्हापासून आमच्या घराण्याच्या ग्रुपवर खटला चालू आहे. दाजी म्हणतात, गाडी डिफेक्टिव्ह आहे, विकून टाक. काका म्हणतात, चार्जरवाला चोर आहे, पेट्रोलपंपावर मापात मारतात तसं हा पण मारतो. धाकटी मामी म्हणते, आपल्याकडे व्होल्टेजच नसतं. आणि भाचा बिचारा गप्प आहे, कारण हप्ता त्याला भरायचा आहे. मी वीज खात्यातलाही नाही आणि मोटारींतलाही नाही. पण बॅटरी या वस्तूबद्दल मला लहानपणापासून कुतूहल आहे. आणि हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही, तो चांगला दीडशे वर्षांचा आहे. म्हणून जरा मुळापासून लिहितो.

आमच्या लहानपणी परभणीत ट्रक, ट्रॅक्टर आणि जीपच्या बॅटऱ्या चार्ज करून देणारी दुकानं होती. एका दुकानात मी तासन् तास उभा राहायचो. आत अंधार, ॲसिडचा तो विशिष्ट घसा धरणारा वास, लाकडी फळीवर ओळीने मांडलेल्या दहा-बारा काळ्या बॅटऱ्या एकमेकींना तारेने जोडलेल्या, आणि भिंतीवर एक जुनाट चार्जर हूंऽऽ करत असलेला. दुकानदाराला सगळे चाचा म्हणायचे. ट्रॅक्टरवाला घाईने यायचा, चाचा, दोन तासात द्या, पेरणी अडलीय. चाचा काचेच्या नळीने एकेका खान्यातलं पाणी ओढून आतला तरंग बघायचे (याला ते 'ग्रॅव्हिटी देखना' म्हणत) आणि शांतपणे सांगायचे, "कल सुबह. जल्दी करेंगे तो प्लेट जाएगी." ट्रॅक्टरवाला कितीही तडफडला तरी उत्तर बदलायचं नाही. फार निकड असेल तर स्वतःकडची एक भरलेली बॅटरी भाड्याने द्यायचे, वापर आज, उद्या आपली घेऊन जा.

आता ही 'प्लेट जाएगी' ची भानगड काय, हे समजून घ्यायला पॅरिसला जावं लागतं. १८५९ साली गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गंधकाच्या आम्लात बुडवून पुन्हापुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी बनवली. त्या आधीच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की संपल्या. प्लांतेची बॅटरी मात्र भरायला महाकठीण होती. पत्र्यावर काम करणारा थर तयार व्हायलाच ती कित्येकदा भरावी-रिकामी करावी लागे, त्यात आठवडेच्या आठवडे जात. १८८१ मध्ये कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंचाने शिशाच्या संयुगाचा लगदा पत्र्यावर आधीच लेपायची युक्ती काढली, आणि बॅटरी धंद्याच्या उपयोगाची झाली. त्याच वर्षी फोरच्या भरलेल्या बॅटऱ्यांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम थॉमसन यांच्याकडे पाठवली गेली. हेच ते पुढे लॉर्ड केल्विन झालेले. वीज पेटीत भरून एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते, याचं तेव्हा लोकांना कोण अप्रूप वाटलं! वर्तमानपत्रांत चर्चा झाली. त्याच साली पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे याने बॅटरीवरची तीनचाकी रस्त्यावर चालवून दाखवली. म्हणजे इलेक्ट्रिक रिक्षा ही पेट्रोलच्या मोटारीपेक्षा जुनी आहे. हे मी ग्रुपवर सांगितलं तेव्हा कुणालाच खरं वाटलं नाही.

असो. तर प्लेटा. शिशाच्या बॅटरीत वीज भरताना प्लेटांवर साठलेला पांढरा क्षार मोडून त्याचं पुन्हा शिसं आणि शिशाचं ऑक्साइड होतं. बॅटरी रिकामी असते तेव्हा हा क्षार भरपूर असतो, त्यामुळे वीज कितीही जोरात ढकला, तिला काम मिळतं. पण बॅटरी भरत येते तसा क्षार संपत जातो. मग जास्तीच्या विजेला काम उरत नाही आणि ती पाणी फोडू लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, बॅटरी 'उकळते', प्लेटेवरचा लगदा सुटून तळाशी गाळ होतो. हेच ते प्लेट जाणं. जुन्या कारागिरांचा यावर एक ठोकताळा होता: बॅटरीत जेवढे अँपिअर-अवर भरायचे बाकी असतील, त्याहून जास्त अँपिअर तिच्यात घालू नयेत. शंभर बाकी असतील तर शंभरपर्यंत चालेल. दहाच बाकी असतील तर दहा. हा नियम नीट बघा मंडळी. सुरुवातीला जोरात आणि शेवटी थेंबथेंब, हे बॅटरीच्या स्वभावातच आहे, ते आजच्या कुठल्या कंपनीने शोधून काढलेलं नाही. चाचा मात्र तेवढाही धोका घेत नसत. ते सुरुवातीपासूनच थेंबथेंब, रात्रभर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटारींपैकी साधारण एक तृतीयांश विजेवर चालत. ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तोही इलेक्ट्रिक गाडीने, २९ एप्रिल १८९९ ला, पॅरिसजवळ. बेल्जियमचा कामीय झेनात्झी ती चालवत होता. पण भरायला रात्र लागायची, हे दुखणं तेव्हाही होतंच. एडिसनसारख्या माणसाने लोखंड-निकेलची नवी बॅटरी काढण्यासाठी कित्येक वर्षं घातली, १९१० च्या आसपास ती चांगली चालूही लागली, पण तोवर पेट्रोलची गाडी पुढे निघून गेली होती. हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीने यावर सरळ उपाय काढला. १९१० ते १९२४ च्या दरम्यान ती कंपनी ट्रकवाल्यांना बॅटरी बदलून द्यायची. रिकामी ठेवा, भरलेली घ्या, पैसे किलोमीटरवर. चाचांची भाड्याची बॅटरी ती हीच! आणि नियतीचा विनोद बघा, १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला, हँडल मारायची कटकट गेली आणि पेट्रोलच्या गाडीचा विजय पक्का झाला. तो स्टार्टर फिरवायला काय लागत होतं? बॅटरी. इलेक्ट्रिक गाडीला हरवायला शेवटी बॅटरीच पेट्रोलगाडीच्या मदतीला धावून गेली.

आपल्या परभणीच्या लोकांना बॅटरीचा अनुभव कमी नाही हो. मनमाड-काचीगुडा मीटरगेजच्या गाड्या आठवतात का? डब्याखाली बॅटऱ्यांच्या पेट्या असत आणि चाकाच्या आसावरून पट्टा लावून डायनामो फिरे. गाडी धावत असताना दिवे झक्क. परभणी स्टेशनात किंवा पूर्णेला गाडी थांबली की पंखा रेंगाळायचा आणि दिवे पिवळे पडायचे. भरायला पुरेसा वेळ न मिळालेली बॅटरी कशी वागते, हे आम्ही दर उन्हाळ्याच्या सुट्टीत बघत होतो, फक्त तेव्हा त्याला तसं नाव दिलं नव्हतं. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं आणि ते पिवळे दिवे गेले.

खरा धडा मात्र लोडशेडिंगने दिला. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास पुढची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाला बारा-बारा तास लाइट नसायची. ज्याला परवडलं त्याने इन्व्हर्टर घेतला. ट्यूब्युलर बॅटरी, दीडशे अँपिअर-अवर, आणि इन्व्हर्टर तिला भरणार दहा-पंधरा अँपिअरने. म्हणजे पूर्ण भरायला दहा-बारा तास हवेत. वीज कधी येणार? तुकड्यातुकड्याने, मध्ये तीन तास, रात्री चार तास. बॅटरी कधी पूर्ण भरायचीच नाही. अर्धवट भरलेली शिशाची बॅटरी तशीच राहिली की प्लेटांवरचा क्षार कडक होतो आणि मग तो मोडत नाही. चार-पाच वर्षं चालायची ती बॅटरी दोन वर्षांत 'बसायची'. आमच्या ताईकडे अशा तीन बॅटऱ्या बसल्या. तिने दुकानदाराशी भांडण केलं, कंपनी फसवी आहे म्हणाली. बॅटरी चांगलीच होती. तिला वेळ मिळत नव्हता.

बरं, शिशाच्या बॅटरीवर आपल्याकडे मोटारही चालून झाली आहे. बंगळूरची 'रेवा', २००१ सालची. ती लंडनमध्येही 'जी-विझ' या नावाने धावली. पूर्ण चार्जिंगला आठेक तास. परभणीत मी ती कधी पाहिली नाही.

आता लिथियमकडे येऊ. कारण भाच्याच्या गाडीत शिसं नाही, लिथियम-आयन आहे, आणि 'नवीन टेक्नॉलॉजी असून इतका वेळ का' हा दाजींचा मुख्य मुद्दा आहे.

सत्तरच्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम हे अमेरिकेत एक्सॉन या तेल कंपनीत काम करत होते (होय, तेल कंपनीत!). त्यांनी लिथियम धातूची बॅटरी बनवली. अडचण एकच होती. भरताना लिथियम धातू पुन्हा सपाट बसायचा नाही, त्याला बारीक काटे फुटायचे, ते वाढत पलीकडे पोचायचे आणि आतल्या आत शॉर्ट. आगी लागायच्या. कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीने अशा बॅटऱ्या बाजारात आणल्या, आणि मोबाइल फोनला आगी लागल्यावर १९८९ मध्ये त्या परत मागवाव्या लागल्या. यातून वाट काढली ती जॉन गुडइनफ यांनी (१९८०, दुसऱ्या बाजूचा कोबाल्ट ऑक्साइड) आणि जपानच्या अकिरा योशिनो यांनी (१९८५). योशिनोंनी लिथियम धातू काढूनच टाकला आणि त्याजागी कार्बन घेतला. लिथियमने धातू म्हणून राहायचंच नाही, कार्बनच्या थरांमध्ये आयन म्हणून जाऊन बसायचं. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी विकायला काढली, आणि तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. पुढे कार्बन म्हणजे मुख्यतः ग्रॅफाइटच झाला, तोच पेन्सिलीतला.

ग्रॅफाइट म्हणजे एकावर एक रचलेले पापुद्रे. वीज भरताना लिथियमचे आयन त्या पापुद्र्यांत शिरतात. परभणी बसस्टँडवर रिकामी एसटी लागली की काय होतं ते डोळ्यासमोर आणा. पहिली तीस माणसं धाडधाड चढतात, खिडकीतून रुमाल टाकणारे धरून. नंतरच्यांना आत सरका, मागे सरका करावं लागतं. शेवटच्या पाच जणांना तर कंडक्टर ढकलून बसवतो. सत्तर-ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी हळू का भरते, याचं साधारण कारण हेच. आता समजा गर्दीला जागा मिळायच्या आत मागून लोंढा येतच राहिला, तर? लोक दारातच अडकतात. बॅटरीत तसं झालं की आयन पापुद्र्यात न शिरता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. म्हणजे जे टाळायला योशिनोंनी सगळा खटाटोप केला, तेच पुन्हा. साचलेलं लिथियम बरंचसं कायमचं वाया जातं, आणि काटे फुटायची भीती पुन्हा डोकं वर काढते. चाचांची 'प्लेट जाएगी' इथे वेगळ्या रूपात हजर आहे.

म्हणून गाडीत एक राखणदार बसवलेला असतो, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. त्याच्याकडे एक तक्ता असतो: बॅटरी किती भरलेली, तिचं तापमान किती, आणि त्यानुसार जास्तीत जास्त किती वीज घ्यायची. फास्ट चार्जरची गन लावली की गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. गाडी सांगते मला एवढे व्होल्ट आणि एवढे अँपिअर दे, आणि चार्जर तेवढेच देतो. काका, इथे जरा लक्ष द्या. चार्जर विजेचा वेग ठरवत नाही. त्याच्या बोर्डावरचा साठ म्हणजे 'साठपर्यंत देऊ शकतो' एवढंच. मागायचं गाडीने. आणि पैसे लागतात ते प्रत्यक्ष दिलेल्या युनिटचे, त्यामुळे चार्जर हळू चालवून मालकाला काहीही मिळत नाही, उलट त्याची जागा अडते.

आता सतराचा आकडा सोडवू या. मी भाच्याला फोन करून त्या दिवसाचं सगळं पुन्हा विचारलं. पहिली गोष्ट, त्या मशीनला दोन गन होत्या आणि दुसरीवर आधीच एक टॅक्सी लागलेली होती. अशी पुष्कळ मशीन दोन्ही गनमध्ये वीज वाटून देतात. साठचे तीस तिथेच झाले. दुसरी गोष्ट, त्याची गाडी कागदोपत्रीसुद्धा तिशीच्या आसपासच घेते. समोर एकशेवीसचा चार्जर असता तरी तेवढंच. तिसरी गोष्ट एप्रिल महिना. दुपारची वेळ, बाहेर बेचाळीस अंश, रस्ता तव्यासारखा, दोन तास गाडी पळवून सरळ गनला लावली. वीज आत जाताना बॅटरी स्वतःही तापते, आणि अँपिअर दुप्पट केले तर ती उष्णता चौपट होते. गार करणारी यंत्रणा असली तरी ती त्या हवेत पुरी पडत नाही. फार तापलेल्या बॅटरीत आतल्या द्रवाचं रसायन बिघडायला लागतं आणि तिचं आयुष्य कमी होतं. तेव्हा राखणदाराने तिसाचे सतरा केले. आणि चौथी गोष्ट दाजींनीच सांगितलेली, 'अर्ध्यावर आली की भरून घे, रिस्क नको.' पेट्रोलच्या टाकीला हा सल्ला एकदम बरोबर आहे. बॅटरीत मात्र सगळ्यात जोरात वीज शिरते ती ती रिकामी असताना, वीस-तीस टक्क्यांवर. बावन्नपासून नव्वदपर्यंत म्हणजे एसटीत शेवटची माणसं चढवणं. त्या दिवशी ऐंशीला गन काढली असती तरी पुढचं अंतर आरामात झालं असतं.

गाडी डिफेक्टिव्ह नाही दाजी. खरं तर ती जे करायला हवं तेच करत होती.

(हे फक्त आपल्याकडचं आहे असंही समजू नका. जपानच्या निसान कंपनीची 'लीफ' बॅटरीला गार करणारी यंत्रणा न ठेवता, नुसत्या हवेच्या भरवशावर बनवलेली होती. २०१८ मध्ये तिच्या नव्या, मोठ्या बॅटरीच्या गाड्यांबद्दल युरोपात बोंब झाली की लांबच्या प्रवासात पहिलं चार्जिंग ठीक होतं, पण दुसऱ्या वेळी वेग निम्म्यावर येतो. कारण तेच, तापलेली बॅटरी. लोकांनी त्याला 'रॅपिडगेट' असं नाव दिलं. आणि ही हवा परभणीपेक्षा कितीतरी थंड असणाऱ्या देशांतली!)

उन्हाळ्याचं झालं. पण परभणीचं हवामान दोन्हीकडून मार देतं. डिसेंबर २०१८ च्या शेवटी आपल्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता, महाबळेश्वरलाही लाजवेल असा. थंडीत आयन ग्रॅफाइटमध्ये फार हळू सरकतात, त्यामुळे पृष्ठभागावर साचण्याचा धोका तेव्हा सर्वात जास्त. म्हणून रात्रभर अंगणात उभी केलेली गाडी थंडीच्या पहाटे थेट फास्ट चार्जरला लावली तर ती हळूच घेणार. त्यापेक्षा तीस-चाळीस किलोमीटर पळवून थोडी ऊब आणून मग लावलेली बरी. उन्हाळ्यात याच्या बरोबर उलट, पहाटे गार असताना. भाचा आता एप्रिल-मेमध्ये पेशंटला सकाळी साडेचारला निघायला सांगतो. पेशंट कुरकुरतात, पण वेळेवर पोचतात.

राहता राहिलं मामीचं व्होल्टेज. त्यात तथ्य नाही असं नाही. साठ किलोवॅट म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या सोळा मोटारी एकदम चालू करण्याइतका लोड. खेड्यात जो त्रेसष्ट केव्हीएचा डीपी असतो, तो अख्खा एका चार्जरला लागेल, गावाला काही उरणार नाही. म्हणून स्टेशनवाल्याला स्वतःचा डीपी बसवावा लागतो. ज्याने खर्च वाचवायला मंजूर लोड कमी घेतला, त्याचा चार्जर बोर्डावर काहीही लिहिलं तरी तेवढंच देणार. आणि लाइन फार डिम झाली तर मशीन बंदही पडतं. त्या दिवशी तसं झालं नव्हतं, एवढंच.

शेवटी एक हिशोब, जो केल्यावर मीच बराच वेळ कागदाकडे बघत बसलो. आपल्याच जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. १९६८ मध्ये पुरं झालेलं. त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच, एकूण साडेबावीस मेगावॅट. शाळेच्या सहलीत ते बघताना गडगडाटाने छाती दणाणली होती. दुष्काळी वर्षांत हे संच गप्प असतात. पाणी नसलं की विजेचं काय होतं ते शेजारच्या परळीने २०१३ मध्ये दाखवलंच, सोनपेठजवळच्या खडका बंधाऱ्यावर तहान भागवणारं ते औष्णिक केंद्र तेव्हा पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. तर आता पेट्रोलपंपाची नळी बघा. ती मिनिटाला चाळीसएक लिटर पेट्रोल सोडते. एका लिटरमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा. म्हणजे मिनिटाला ३६० युनिट, तासाला २१,६०० युनिट. मेगावॅटमध्ये सांगायचं तर २१.६. म्हणजे हात वर करून पेट्रोल सोडणारा तो पोरगा, तेवढा वेळ, जवळजवळ अख्खं येलदरी आपल्या टाकीत ओतत असतो!! पेट्रोलचं इंजिन त्यातली तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवतं हे खरं, पण तरी उरते ती पाचेक मेगावॅट. भाच्याचा साठ किलोवॅटचा 'फास्ट' चार्जर या आकड्यापुढे कुठेच नाही. शंभर वर्षं पेट्रोलने आपल्याला जी सवय लावली, तीच मुळात विलक्षण आहे. चार्जर हळू आहे असं आपण म्हणतो ते तिच्याशी तुलना करून.

मार्च २०२५ मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीने हजार किलोवॅटचं चार्जिंग जाहीर केलं, पाच मिनिटांत चारशे किलोमीटर असा त्यांचा दावा आहे. त्यासाठी बॅटरी, तारा, गार करणं, सगळंच वेगळं करावं लागतं. भाच्याची गाडी तिथे नेऊन लावली तरी ती आपले तीसच मागणार. आणि येलदरीचे तिन्ही संच पूर्ण जोरात चालले तरी अशा बावीसच गाड्या एका वेळी लागतील. म्हणून जिथे लाइन तेवढी ताकदीची नाही तिथे स्टेशनच्या मागच्या बाजूला मोठ्या बॅटऱ्या ठेवायची पद्धत निघाली आहे. त्या लाइनवरून सावकाश भरत राहायच्या, आणि गाडी आली की तिला भसकन द्यायचं. रात्रभराचं चार्जिंग पुन्हा आलंच, फक्त आता ते भिंतीच्या पलीकडे, गिऱ्हाइकाला न दिसेल असं.